एका नबीला दोन नवस

१६ जानेवारी २०२३, सोमवार
काचीगुडा

लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. कुणाची, ते ठाऊक नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही. पण शाळेपासून प्रत्येक निबंध 'या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही' अशा वाक्याने सुरू करण्याची सवय आहे. बाई त्याला विनय समजत आणि गुण देत. या वेळी ते वाक्य प्रथमच खरे आहे.

कथा लिहिली. आजवर केवळ इतरांच्या कथांवर लिहिले. प्रबंधासाठी वर्षभर स्थलांतरित ज्यू कुटुंबांच्या कथा-कादंबऱ्या वाचते आहे. त्यांतली माणसे बर्फातून येतात, मागे बंद दारे असतात, कोटाच्या अस्तरात काहीतरी शिवलेले असते. हे आपले लोक, असे वाचताना सारखे वाटे. आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहिले तर एकही डबा ओळखू येणार नाही, असेही वाटे. त्यांच्यापैकी कुणी नारळ खवत नाही. कुणी एस.टी.ने निघत नाही.

म्हणून एक स्वतः लिहिली. रूथआत्या अलिबागजवळच्या आमच्या गावातून इस्राएलला गेली, तिचा धाकटा भाऊ (म्हणजे पप्पा) मागे राहिला, एवढीच. नावे बदलली आहेत.

जामबागच्या वाचनालयाचा मराठी भाषा दिनाचा विशेषांक निघतो. संपादक देऊळगावकर सर (यापुढे दे. सर). आज त्यांच्या टेबलावर प्रत ठेवली आणि 'वाचाल का' हे विचारायचेच विसरून परत आले. बसमध्ये आठवले.


१९ जानेवारी, गुरुवार

दे. सरांचा फोन. भाषेचे फार कौतुक. इतकी स्वच्छ मराठी हैदराबादेत आता औषधालाही मिळत नाही म्हणाले. मग,

"पण मिलकाताई, ज्यूंची कथा, आणि कुणी कुणाला बोटसुद्धा लावत नाही? लोक हात हलवतात, ही बाई विमानात बसते. झालं. वाचकाला कुठंतरी टोचायला नको का?"

आमच्याकडे तसे काही घडले नाही, हे उत्तर होते. दिले नाही. दिले ते: "बघते, सर."

आणखी एक. नावाखाली कंसात 'ज्यू लेखिका' छापायचे म्हणतात. "आडनावावरून तुम्ही कोकणातल्या कुणीही वाटता." यालाही 'बरं' म्हटले. मी कशाला 'बरं' म्हणत नाही, याचा एकदा विचार केला पाहिजे.

३१ जानेवारीपर्यंत सुधारून हवी.


२२ जानेवारी, रविवार

काल शब्बाथ. आईला शब्द दिला आहे म्हणून शनिवारी लेखणी उचलत नाही. आज उचलली आणि दुपारपर्यंत दगडफेक लिहून टाकली. सणाची संध्याकाळ, प्रार्थनामंदिराच्या कौलांवर दगड, आजोबांच्या कपाळावर रक्त, महिन्याभरात आत्या विमानात. पाच पाने. एवढ्या सहज मी आयुष्यात काही लिहिलेले नाही. इतके वाचले आहे की सगळे हातात तयार होते, केवळ बर्फाच्या जागी नारळाची झाडे लावायची.

घरमालकीण सुलोचनाकाकू चहा घेऊन वर आल्या. मूळच्या नांदेडकडच्या शेतकरी घराण्यातल्या, पण तीन पिढ्या इथेच. मी राहायला आले तेव्हा विचारले होते, "इस्राएली म्हणजे ख्रिश्चनच की?" नाही, काकू. "मग मुसलमान?" नाही. "मग आमच्यातलीच. भाडं पाच तारखेला." तेव्हापासून तो प्रश्न मिटलेला आहे.

आज: "काय लिहायलीस गं सारखं?"

थोडक्यात सांगितले. दे. सरांचे म्हणणेही.

"म्हणजे तुम्हाला कुणी मारलं नाही म्हणून ते मास्तर नाराज हाय का?"

"तसं नाही, काकू. वाङ्मयीन दृष्ट्या—"

"हौ, हौ. चहा घे आधी."


२७ जानेवारी, शुक्रवार

कथा पूर्ण. स्वच्छ प्रत केली. पाठवण्याआधी आत्याला ऐकवावी असे वाटले. तिचे आयुष्य आहे. तिचे डोळे अधू झाले आहेत, म्हणून स्वतःच्या आवाजात वाचून ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर पाठवले. पाठवल्यावर लक्षात आले, शुक्रवार. डिमोनाला, आत्याच्या इस्राएलमधल्या गावी, थोड्याच वेळात दिवे लागतील आणि आत्याचा फोन उद्या सूर्यास्तापर्यंत कपाटात जाईल. म्हणजे ऐकले की नाही, हे कळायला परवा उजाडणार.

खाली काचीगुड्याहून सुटणाऱ्या गाड्यांच्या घोषणा तेलुगूत, हिंदीत, इंग्रजीत. तिन्ही भाषांत उशीर.


२९ जानेवारी, रविवार

सकाळी आत्याचे सात संदेश आलेले. क्रमाने ऐकले. आठवेल तसे उतरवते, कारण पुन्हा ऐकण्याचे धैर्य नाही.

पहिला: "शालोम मिलका. आवाज छान आहे तुझा. अगदी तुझ्या आजीसारखा. बेसेदर?" (हे ती दर वाक्यामागे लावते, 'ठीक ना' एवढाच अर्थ.)

दुसरा: "ते प्रार्थनामंदिर काय गं? आपण मशीद म्हणायचो. सगळा गाव मशीद म्हणायचा, ज्यूंची मशीद. तू कुणाला घाबरतेस?"

तिसरा: "हे दगड कुणी मारले? नाव सांग. मला त्या गावात दगड मारणारा एकच माणूस आठवतो, तो तुझा बाप. आमच्या कैऱ्यांना."

चौथा: "आम्ही निघालो तेव्हा एस.टी.वर सामान चढवायला अख्खी आळी होती. शेजारची सुभद्राकाकी इतकी रडली की कंडक्टर तिलाच विचारायला लागला, बाई तुम्ही कुठं चाललात. मी नाही रडले. मला विमान बघायचं होतं. हे लिहायची तुला लाज वाटते का? कुणी हाकललं नाही आपल्याला. आपण आपल्या पायांनी गेलो. बेसेदर?"

पाचव्यात ती रागावलेली नव्हती. तेच अधिक लागले. "सुभद्राकाकीचा मुलगा अजून आहे गावात. दर पेसाखच्या सणाला मला फोन करतो, ताई म्हणतो. त्याच्या नातवंडांनी हे वाचलं तर? त्यांच्या आजोबांनी दगड मारले म्हणून?"

सहावा चुकून दाबला गेलेला. भांड्यांचे आवाज.

सातवा: "मटणानंतर खीर दिलीस कथेत. दुधाची. अगं, मटणावर दूध चालतं का आपल्यात? तू आपल्याच घरात वाढलीस ना? नारळाच्या दुधाची लिही."

खिरीचे ऐकून मी हसले आणि मग कथेची प्रत उघडून बसले. पाच पानांत मी एका गावाला गुन्हेगार ठरवले होते, आणि प्रत सुवाच्य होती.


३० जानेवारी, सोमवार

आत्याला फोन केला. स्वतःहून. (आईला सांगितले तर मला ताप आला आहे का विचारील.)

क्षमा मागितली. ती म्हणाली, दाय, दाय, पुरे. मग मी विचारले, तुला खरेच कशाचाच त्रास झाला नाही का?  मग तिने सांगितले, तो तिथे झाला. पहिल्या वर्षी कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी विचारले, तू खरी ज्यू आहेस का, इतकी काळी? "दोन हजार वर्षं शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवलेल्यांची पोर मी, आणि मला खरी का म्हणून विचारतात. हे लिही, तुझ्या सरांना टोचायला हवंय ना. पण एकदाच लिही. पुढच्या वर्षी त्याच बायका माझ्याकडून चपात्या शिकून गेल्या."

मग म्हणाली, कथेतला भाऊ फार गप्प आहे. मी म्हटले, पप्पा गप्पच असतात. तुमचा तरी फोन होतो कुठे, रोश हशानाला, नव्या वर्षाला एकदा, तब्येत आणि हवा.

"तेव्हा नव्हता गप्प. मी निघाले तेव्हा एकोणीसचा होता. म्हणाला, ताई, मागनं येतो. आला नाही." आणि मग, आवाज उतरवून, जणू शेजारी कुणी मराठी ऐकते आहे: "मी बोलले होते एलियाहू हनबीला. सॅमसन आला की मलिदा करीन. एवढ्या वर्षांत इथे लग्नांना केला, घर घेतलं तेव्हा केला, नातवंडांना केला. तो एक राहिलाय. हे तुझ्या बापाला सांगू नकोस. आणि कथेत तर मुळीच नको." (सॅमसन म्हणजे पप्पा. मलिदा म्हणजे एलियाहू नबीच्या नावाने केलेले गोड पोह्यांचे ताट, नवस फळला की करतात.)

मी 'बरं' म्हटले.

दे. सरांना कळवले, आठवडाभर मुदत हवी. दिली.


१ फेब्रुवारी, बुधवार

पप्पांना फोन. एवढेच विचारायचे होते की आत्या गेली त्या दिवशी गावात काय काय घडले. पप्पांचा निवृत्तीनंतरचा आवाज डेपोतल्यापेक्षा हळू झाला आहे.

"काय घडणार? गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. सामान फार होतं." मग गाडीचा क्रमांक आठवू लागले. एस.टी.च्या कार्यशाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला क्रमांकच आठवायचा. मी वाट पाहत राहिले. फोनवर वाट पाहणे मला जमते, कारण बोलणे जमत नाही.

"आजोबा एकटे पडले असते," पप्पा म्हणाले. "मग आजोबा गेले, तर तुझी आई आली. मग तू."  मी 'हं' म्हटले.

"मी पण एक वेडेपणा केला होता तेव्हा. गाडी सुटल्यावर तसाच चालत आपल्या अलिबागच्या खंडाळ्याला गेलो, एलियाहू हनबीचा रथ टेकला त्या खडकापाशी. बोललो, ताई परत आली तर मलिदा करीन. राहून गेला. तुझ्या आईलाही माहीत नाही. तुला कशाला सांगतोय कोण जाणे." आणि फोन ठेवता ठेवता, "गोष्टीबिष्टीत घालू नकोस हं."

 एकाच नबीकडे बहिणीने मागितले, भाऊ इकडे येऊ दे. भावाने मागितले, बहीण तिकडून परत येऊ दे. दोघांनी मलिदा कबूल केला. एकमेकांना सांगितले नाही, आणि मला दोघांनीही गुपित म्हणून सांगितले.

नबीने तरी काय करावे.


३ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच पाने फाडली. एक बोच होती ती गेली. खीर नारळाच्या दुधाची केली. मशीद लिहिले. कारखान्यातला प्रश्न एकदाच लिहिला.

पण आता कथेला मधोमध भोक आहे. तिथे काय बसते ते मला ठाऊक आहे आणि मी ते वापरू शकत नाही. खोटे होते तेव्हा पाच पाने सहज झाली. खरे सापडले तर त्याला दोघांची मनाई.

तरी लिहिले. दोन्ही नवस. दीड पान. दे. सरांना दाखवण्यासाठी नाही, ते कसे दिसते ते पाहण्यासाठी. दिसते बरे.

न विचारता पाठवायचे नाही, हे ठरले. नावे बदलली म्हणजे झाले, अशी माझी समजूत होती. आता ती तितकी पक्की नाही. विचारायचे तर कुणाला आधी? आणि विचारताना एकाचे दुसऱ्याला न कळू देता कसे विचारायचे? व्याकरणाचे कुठलेही पुस्तक यात उपयोगी नाही.

दिवा लावायची वेळ. काकूंनी आज स्वतः काचेचा पेला धुऊन ठेवला होता, तेलासाठी. "तुझा शुक्रवार ना."


५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आत्या. उद्या तिच्याकडेही झाडांचा सण, बदाम आणि खजूर आणायला बाहेर पडणार होती. घाईत होती म्हणून मलाही घाई करता आली.

"आत्या, ते नवसाचं तू पप्पांना स्वतः सांगशील का?"

"मी? या वयात?"

"मग मी वाचून दाखवू? कथेतलं म्हणून?"

रस्त्याचे आवाज. कुणीतरी हिब्रूत तिला बाजूला व्हा म्हणाले असावे. ती त्याला मराठीत 'थांब रे' म्हणाली. मग मला, "नाव बदललंयस ना?"

"हो. कथेत तू मिरियम."

"मग ती मी नाहीच. वाच. मिरियमने काय नवस बोलायचे ते बोलू दे."

दुपारी पप्पा. त्यांना सांगितले, कथेचा शेवट वाचते, त्यात दोन माणसे आहेत, पसंत नसेल तर काढीन. आईला बाहेर पाठवून ऐकले. बहिणीचा नवस वाचून झाल्यावर मी थांबले. 

"तिने पण?" पप्पा म्हणाले.

हो, पप्पा.

"कधी?"

निघताना.

मग ते हसू लागले. पप्पांचे असे हसणे मी ऐकलेले नव्हते. खोकल्यासारखे सुरू झाले. "म्हणजे आम्ही दोघांनी त्याला मधल्यामध्ये अडकवून ठेवलाय. इकडचं ऐकलं तर तिकडचं मोडतंय. बिचारा चाळीस वर्षं वर-खाली रथ फिरवत बसला असेल." पुन्हा हसले. मग नाक शिंकरले, तो निराळा आवाज होता.

माझे वाचायचे राहिले होते. भावाचा नवस. वाचू का विचारले.

"भावाचं नाव काय ठेवलंयस?"

"दानिएल."

"चांगलं आहे," पप्पा म्हणाले. "वाच. पण आधी रूथला वाचून दाखव. दानिएलचं तिला कळू दे."

कळवले. आत्याने काय उत्तर दिले ते इथे लिहीत नाही.


६ फेब्रुवारी, सोमवार

झाडांचा सण. गावाकडे याच दिवशी एलियाहू हनबीचा उरूस. पप्पा सकाळीच खंडाळ्याला पोहोचलेले. तिथून फोन: "मिलका, मलिदा कर. तिथे."

"नवस तर कुणाचाच फळला नाही, पप्पा."

"नवसाचा नको. सणाचा कर. नवसाचं आम्ही बघू."

हिमायतनगरला जाऊन पोहे, नारळ, सुकामेवा आणि पाच फळे आणली. फळवाल्याला सीताफळ विचारले. "मौसमच नै ना अम्मा, कायकू पूछरे," म्हणून त्याने चिकू हातावर ठेवले.

पोहे धुतले, निथळले, ओले खोबरे, साखर, वेलची. काकू दारात उभ्या.

"फोडणी कधी देतेस?"

"देत नाहीत, काकू."

"मोहरी पण नाही? कच्चेच?" काकूंचे सारे आयुष्य तडतडणाऱ्या मोहरीवर उभे आहे. "आणि मलिदा तर पुढारी खातात म्हणतात."

"हा वेगळा."

"नाव तेच हाय."

पप्पांनी व्हिडिओ कॉल केला. मागे उरुसाची गर्दी, बायका, मुले, कुणाची तरी टोपी. दुसऱ्या चौकोनात आत्या. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, माझ्याकडे काकूंचे यजमान एकटे, तेही पेपर वाचत. पण खंडाळ्याला दहांपेक्षा कितीतरी जास्त होते, तेव्हा पप्पा म्हणाले त्यांच्यात माझे ताट मोजले जाईल. हे शास्त्राला धरून आहे का, विचारले नाही. ते गाऊ लागले. आत्या दोन शब्द मागे, इंटरनेटमुळे की वयामुळे, कोण जाणे. मी ताट कॅमेऱ्यापुढे धरून उभी. हात दुखले.

संपल्यावर मी ताट खाली ठेवले, तरी कॉल बंद झाला नाही. ते दोघेच बोलत राहिले. सुभद्राकाकी, कैऱ्या, आजोबांची काठी, ती वीस मिनिटे उशिरा सुटलेली गाडी. आत्या म्हणत होती, उशीर नव्हता झाला, तूच ड्रायव्हरशी बोलत उभा होतास. पप्पा म्हणाले, अगं हो. मी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि हळूच खोलीबाहेर आले.

काकूंनी मलिदा दोनदा घेतला. "बिनफोडणीचा हाय, पण चालतंय."


८ फेब्रुवारी, बुधवार

जामबाग. येताना बसमध्ये वाक्ये तीनदा पाठ केली. दे. सरांपुढे त्यांतले एकही आठवले नाही.

"सर, मी दगड काढले."

"काढले? तोच तर भाग जमला होता, मिलकाताई."

"तो खरा नव्हता. त्या गावात अजून माणसं राहतात."

सरांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नाहीत ते. हैदराबादच्या जुन्या दिवसांच्या कितीतरी जखमा त्यांनी स्वतः छापल्या आहेत, तेव्हा जखम नसलेल्या कथेचे काय करायचे हे त्यांना उमगत नसावे. "मग आता राहिलं काय त्यात?"

"एक भाऊ आणि एक बहीण, सर. दोघांनाही दुसरा आपल्याकडे हवा आहे."

"एवढंच?"

"हो."

"आणि शेवटी कोण जातं?"

"ते मला अजून ठाऊक नाही."

सर म्हणाले, "पाठवा. शुक्रवारी अंक लावायला बसतो. घेईनच असं वचन देत नाही."

जिन्यापर्यंत जाऊन परत आले. "सर, नावाखाली कंस नको. नुसतं नाव."

"का बरं?"

"कथेत कळतंच."

'बरं' या वेळी त्यांनी म्हटले. रस्त्यावर आले. नारळपाणी घेतले आणि उभ्यानेच प्याले.


१० फेब्रुवारी, शुक्रवार

दे. सर घेतील की परत पाठवतील, माहीत नाही. आश्चर्य म्हणजे त्याची धाकधूक फारशी नाही. सोमवारपासून पप्पा आणि आत्या रोज बोलताहेत; आई तक्रार करते की भाजी करपते. काल पप्पांनी सहज विचारले, पासपोर्टच्या फोटोला पांढरा शर्ट चालतो का. कुठे निघालात, विचारले तर, "कुठे नाही. विचारून ठेवतोय." आज सकाळी आत्या: अलिबागला पेसाखनंतर फार उकडते का गं, माझ्या गुडघ्यांना झेपेल का? मी दोघांनाही माहिती दिली आणि दोघांनाही काही सांगितले नाही. कुणी आधी तिकीट काढावे, हे सुचवणारी मी कोण. एकाचा नवस फळला तर दुसऱ्याचा राहील, आणि त्याचे यातल्या कुणालाही वाईट वाटेल असे आता दिसत नाही.

कथेत मिरियम अजून डिमोनाच्या गच्चीत कपडे वाळत घालते आहे आणि दानिएल स्टॅण्डवर उभा आहे. तिथेच सोडले.

शेवटचे एकदा वाचले. एक स्वल्पविराम काढला, परत घातला.

पाठवली. शुक्रवार, १० फेब्रुवारी २०२३, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.